खलात राहिलेलं औषध

"गोली रोज देते म्हनते. मग रिपोर्ट असा का आला?"

हिराजीशेठनी नातीचा रिपोर्ट माझ्या काउंटरवर ठेवला. त्यांच्या मागे त्यांची सून दर्शना उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. मी चष्मा काढून पुसायला घेतला.

घणसोलीत माझं मेडिकल होतं. हिराजीशेठ शेजारच्या तळवलीचे, जुने गिऱ्हाईक. त्यांची नात स्वरा सहा वर्षांची. तिला ल्युकेमिया झाला होता, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. हॉस्पिटलातला अवघड टप्पा पार पडला होता आणि मेंटेनन्स चालू होता. रोग परत डोकं वर काढू नये म्हणून बराच काळ घरी गोळ्या घ्यायच्या, त्याला मेंटेनन्स म्हणतात. केमो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सलाइन येतं. पण ही गोळीसुद्धा केमोच. डॉक्टर रक्तातल्या पांढऱ्या पेशी बघून तिचा डोस ठरवतात. पेशी फार वर राहिल्या तर औषध कमी पडतंय. फार खाली गेल्या तर इन्फेक्शनचा धोका.

स्वराच्या पेशी वरच राहत होत्या. डोस चुकतात का, असं डॉक्टरांनी विचारलं. दर्शना नाही म्हणाली. त्यांनी डोस वाढवला. हिराजीशेठनी मात्र निराळा अर्थ काढला.

"पोर रडते म्हनून ही फेकून देत असंल. तुमी सांगा शेठ, तुमाला काय वाटतं?"

खरं काय होतं ते मला माहीत होतं. स्वराला गोळी गिळता येत नव्हती, ओकून टाकायची. दर्शना रडकुंडीला येऊन माझ्याकडे आली होती. "काका, कायतरी करा ना. रोज नुसती मारामारी."

मी खल काढला. लहान मुलांसाठी गोळ्या कुटून पुड्या बांधून देणं ही माझ्या दुकानाची खासियत होती. लांबून लोक यायचे त्यासाठी. आठवड्याच्या गोळ्या एकदम कुटायच्या, पूड कागदावर पसरायची आणि जुन्या व्हिजिटिंग कार्डाने सारखे वाटे पाडायचे. काटा वगैरे काही नाही, नुसती नजर. माझ्या नजरेचा मला भारी अभिमान होता.

"हॉस्पिटलात म्हणाले, गोळी मोडायची नाय, कुटायची नाय," दर्शना म्हणाली.

"अगं, तू जन्मायच्या आधीपासून मी हे करतोय. तिकडे बोलू नकोस म्हणजे झालं. उगाच लेक्चर देतील."

तिने ऐकलं.

खल पांढऱ्या चिनी मातीचा होता. या पुड्या बांधून खल पुसला की फडक्याला फिकट पिवळा रंग लागायचा. ते स्वराचं औषध होतं. थोडं खलाला, थोडं कागदाला चिकटायचं, थोडं हवेत उडायचं. त्याच खलात मी दुसऱ्या मुलांच्या तापाच्या गोळ्याही कुटत होतो. रिपोर्ट पाहिला आणि मला ते पिवळं फडकं आठवलं.

"शेठ, बोला ना," हिराजीशेठ म्हणाले.

मी म्हणालो, "आजकालच्या मुलींना दहादा सांगावं लागतं. जरा लक्ष ठेवा."

दर्शनाने मान खाली घातली. रिपोर्ट उचलला आणि पायऱ्या उतरून गेली.

त्या दिवसापासून हिराजीशेठ स्वतः गोळी देऊ लागले. नातीला मांडीवर दाबून धरून, अख्खी. डोस वाढवला होता तो अर्धवट पोचणाऱ्या औषधावर. आता सगळं औषध पोटात जाऊ लागलं. पेशी भराभर खाली आल्या आणि स्वराला ताप भरला. केमोवरच्या मुलाला ताप आला तर घरी थांबायचं नसतं. तिला वाशीच्या हॉस्पिटलात ॲडमिट केलं.

गावात दर्शनावर शिक्का बसला. आजोबांनी दिल्यावर औषध लागू झालं, म्हणजे आई देतच नव्हती.

मी भेटायला गेलो तेव्हा नर्स दर्शनाला विचारत होती, "आधी गोळी कशी द्यायचात?"

"कुटून."

"कुटायला कोणी सांगितलं?"

मी दारात होतो. दर्शनाने माझ्याकडे पाहिलं.

"कोनी नाय. माझं मीच."

"अहो ताई, ती पूड नाकात जाते, हाताला लागते. आणि मुलीच्या पोटात किती गेली ते कोणालाच कळत नाही."

"ऐकलंत ना शेठ?" हिराजीशेठ म्हणाले.

मी मान हलवली.

नर्सने बडीशेपेच्या बारीक गोड गोळ्या आणल्या आणि स्वराला पाण्याच्या घोटाबरोबर गिळायला शिकवलं. आधी लहान, मग जरा मोठ्या. आठवडाभरात ती औषधाची गोळी गिळायला लागली. इतकं ते सोपं होतं. डॉक्टरांनी डोस नव्याने बसवला, तोही अख्ख्या गोळ्यांत. ताप उतरला. पुढे कोर्स पूर्ण झाला. आज स्वरा शाळेत कबड्डी खेळते.

पण कोर्स संपेपर्यंत गोळ्या हिराजीशेठच्या कपाटात, कुलपात राहिल्या. दर्शनाला त्यांनी त्या गोळ्यांना हात लावू दिला नाही. स्वतःच्या मुलीच्या औषधाला.

वय झालं म्हणून दुकान कायमचं बंद केल्यावर मी तळवलीला गेलो. हिराजीशेठ आदल्या वर्षी वारले होते. भिंतीवर हार घातलेला फोटो होता. दर्शनाने चहा आणला. मी सगळं सांगितलं. बराच वेळ लागला.

"मला काय सांगताय काका? मी तिथंच होते," ती म्हणाली. मग फोटोकडे पाहिलं. "ज्यांना सांगायचं होतं ते हे. आता लिवा कुठंतरी. बाकीच्यांना तरी कळू दे."

म्हणून लिहिलं. दर्शनाने एकही डोस चुकवला नव्हता. औषध माझ्या खलात राहत होतं.

राहता राहिलं कामाचं. केमोची गोळी मोडू नका, कुटू नका. देताना हातमोजे घाला, नंतर हात धुवा. गरोदर बाईने तिला हात लावू नये. मूल गिळत नसेल, डोस चुकला असेल किंवा ओकला असेल, तर मनाने दुसरा न देता हॉस्पिटलला विचारा. आणि तुमचा मेडिकलवाला म्हणाला की तिकडे बोलू नका, तर मेडिकल बदला.