गाडीची शिंगं

हे कुणाला सांगायचं नाही, असं आईनं मला देवापुढं उभं करून बजावलं आहे. बाबांनी बजावलं नाही. ते फक्त माझ्याकडे पाहून उसासा टाकतात, आणि ते बजावण्यापेक्षा वाईट आहे.

पण करू काय? अख्ख्या आंजी गावात ही गोष्ट फिरते आहे आणि दर घरी निराळी! कुणी म्हणतं, मी साहेबांना मुद्दाम रंगवलं. कुणी म्हणतं, साहेब गाडीला चिकटले आणि चौघांनी ओढून काढले. विहिरीवर बायका घागर खाली ठेवून विचारतात, "काऊन वं सुमे, खरं हाय का?" मी नुसती मान हलवते. ती हो म्हणून हलते की नाही म्हणून, ते मलाही कळत नाही. माझा आवाजच असा, की वर्गात हजेरीला माझं 'हजर' शेजारची मुलगी म्हणते. आता मी थकले. म्हणून एकदाच सगळं सांगून टाकते. चहा घ्या, ऐका, आणि पुन्हा विचारू नका.

बाबांनी बारा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. या उन्हाळ्यात स्वतःची घेतली. जुनी, काळी, आणि हॉर्न दाबला की काचेवरचा वायपर एकदा हलायचा. आंजीहून वर्ध्याच्या स्टेशनापर्यंत ती भाड्यानं चालवायची होती. पण त्याआधी पासिंग! सोमवारी वर्ध्याला आरटीओचे साहेब गाड्या तपासतात. त्यांनी पास केली तर धंदा सुरू, नाहीतर बाबा पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर. घरात आठ दिवस कुणी धड जेवत नव्हतं.

इंजिन बाबांनी ठीक केलं. पण आतून गाडी म्हणजे काय वर्णावं! समोरच्या फळीवर आणि दारांच्या आतल्या बाजूला प्लास्टिकच्या रुंद पट्ट्या होत्या. कधीकाळी पांढऱ्या असाव्यात. आता पिवळ्या, डागाळलेल्या, कडांना खरबरीत.

"साहेब आतूनबी पाह्यतात म्हणे," बाबा म्हणाले आणि हिरव्या रंगाचा डबा घेऊन आले. पेंटर लग्नघरं रंगवण्यात अडकला होता. बाबांनी डासांचं औषध फवारायचा छोटा पंप माझ्या हातात दिला. "ब्रशानं रेघा दिसतीन. यानं फवारजो. तुहा हात साफ हाय, सुमे."

हात साफ आहे, हे खरं. दर पोळ्याला आमच्या आळीतल्या बैलांची शिंगं मीच रंगवते. बैलांशी माझं जमतं. 'जरा मोठ्यानं बोल' असं बैल कधीच म्हणत नाहीत.

आता नीट ऐका, कारण इथंच माती खाल्ली. मी त्या पट्टीवरून बोट फिरवलं. गुळगुळीत, पिवळसर, मधे मधे करड्या रेषा. हुबेहूब शिंग! मग कुणाला विचारायची गरज काय? शिंगाचं काम मला पाठ होतं. आधी काचेच्या तुकड्यानं खरवडायचं. मग जवसाचं तेल चोळायचं, म्हणजे शिंग तडकत नाही. मग रंग.

दोन दिवस मी मे महिन्याच्या उन्हात त्या गाडीत बसून खरवडत होते. गाडी नव्हे, भट्टी! बोटांना फोड आले. मग वाटीभर तेल घेऊन पट्ट्या अशा चोळल्या, की आई स्वयंपाकघरातून ओरडली.

"भाजीले थेंब नाई, अन् तू गाडीले न्हाऊ घालून राह्यली?"

"तडकू नये म्हणून," मी म्हणाले.

"काय म्हणतं? मोठ्यानं बोल!"

मी पुन्हा म्हणाले नाही. म्हणाले असते, तर कदाचित पुढचं सगळं टळलं असतं.

पंपात रंग ओतला, तर पंप गुदमरला. घट्ट रंग बारीक भोकातून येईना. पातळ करायला पेंटरकडचं काही घरात नव्हतं. वाटीत तेल उरलेलं होतं. ओतलं! आणि काय सांगू, असा सुरेख फवारा उडाला, की माझंच मन भरून आलं. जुनी वर्तमानपत्रं लावून मी काच झाकली, गादी झाकली. एक रेघ नाही, एक ओघळ नाही. संध्याकाळी पट्ट्या तळ्याच्या पाण्यासारख्या चमकत होत्या.

सोमवारी सकाळीही तशाच चमकत होत्या. मला वाटलं, काय रंग आहे!

"वाळला ना?" बाबांनी विचारलं.

मी पाहिलं आणि मान हलवली. नुसतं पाहिलं हो. रंगवलेल्या शिंगाला कुणी बोट लावून पाहतं का? बैल लावू देईल का?

बाबा चालवताना कोपरं अंगाशी आवरून बसतात, बारा वर्षांची सवय. मी मागच्या गादीवर मधोमध, कारण 'बसणारं माणूस कसं दिसते, ते साहेबाले दिसू दे.' त्यामुळं वर्ध्यापर्यंत कुणाला काही कळलं नाही.

साहेब आले. पांढरीशुभ्र खादी, डोक्यापासून पायापर्यंत. इस्त्री अशी, की घडी बोटाला कापेल. ते पुढं बाबांच्या शेजारी बसले, दार ओढलं आणि पट्टीवर कोपर टेकवलं.

मी मागून पाहत होते. कोपर उचललं तेव्हा बाही हिरवी होती.

बोला ना सुमनबाई! बोला! छे.

"गाडी पुढं घ्या," साहेब म्हणाले. बाबांनी ब्रेक दाबला तसा साहेबांनी समोरच्या फळीला पंजा टेकवला. पाच बोटं हिरवी. ऊन मी म्हणत होतं. त्यांनी त्याच बोटांनी कपाळाचा घाम पुसला. तीन आडव्या हिरव्या रेघा! मग मान खाजवली. मग नाक.

साहेबांनी मागं वळून पाहिलं. "काय बघतेस, मुली?"

"काही नाही जी."

"लाजते थे," बाबा म्हणाले. "बोलतच नाई."

"चांगली वळणाची आहे," साहेब म्हणाले आणि मांडीवर हात पुसला.

खाली उतरून त्यांनी कागद हातात घेतला, आणि कागदावर पंजा उमटला. त्यांनी आधी कागद पाहिला. मग बोटं. मग बाही. मग मांडी. रांगेतले ड्रायव्हर एकेक करून आपापल्या गाडीमागं जाऊन हसायला लागले. बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून साहेबांची बाही पुसायला घेतली, आणि वीतभर डाग हातभर झाला.

"राहू द्या!" साहेब ओरडले. "हा रंग कुणी दिला?"

बाबा आयुष्यात खोटं बोलले नाहीत. त्यामुळं त्यांना ते जमतही नाही. "पेंटरनं, साहेब."

"कोणत्या पेंटरनं?"

"लांबचा हाय जी. गेला तो. लय लांब गेला."

बाबांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. बारा वर्षांनंतरची गाडी, आणि माझ्यापायी खोटं! मला राहवलं नाही.

"मी दिला!"

तो आवाज माझा होता? रांगेतल्या शेवटच्या गाडीचा ड्रायव्हरसुद्धा वळला. एकदा तोंड उघडलं तर बंदच होईना. काचेनं खरवडलं, जवसाचं तेल चोळलं, रंगातही तेच घातलं, पोळ्याला शिंगं अशीच करतात, आमच्या आळीतल्या एकाही बैलाचं शिंग आजवर तडकलं नाही, बाबांचा काही दोष नाही. सगळं एका दमात.

साहेबांनी भुवया उंचावल्या. कपाळावरच्या तीन हिरव्या रेघाही वर गेल्या. मग त्यांची ती पुस्तकी भाषा कुठल्या कुठं गेली.

"अवं पोरी, शिंग तेल पिऊन टाकते. हे प्लास्टिक पिते काय?"

"नाही जी."

"आमच्या घरीबी सहा बैल होते. पर बैलाच्या शिंगाले कोपर टेकवून कोणी बसते काय?"

मी खरंच विचार केला. "नाही जी."

ड्रायव्हर आता गाड्यांमागं लपत नव्हते. साहेबांनी तो पंजाचा कागद बाबांना परत दिला. "इंजिन ठीक हाय. ब्रेकबी ठीक. हिचे शिंगं उतरवा, अन् पुढच्या सोमवारी आणजा."

तो आठवडा आठवला तरी अंग दुखतं. घासलेटाचा बोळा घेऊन मी तो रंग उतरवला, कोपऱ्याकोपऱ्यातून, नखांनी. खाली त्याच पिवळ्या, डागाळलेल्या पट्ट्या! पुढच्या सोमवारी गाडी तशीच गेली आणि पास झाली. साहेबांनी बसण्याआधी करंगळी टेकवून पाहिली, एवढंच. त्या दिवशी ते खाकी घालून आले होते.

गाडी आता रोज स्टेशनाला जाते. पण बसणारा प्रत्येक माणूस आधी विचारतो, "वाळलं काय?" आणि बाबा! मी चहाचा कप पुढं केला, तरी आधी एका बोटानं हळूच शिवून पाहतात.

मी मात्र शहाणी झाले. रंगाचा डबा दिसला तर वाट बदलते. आता फक्त काल, पंपातला तो उरलेला हिरवा रंग उगाच फेकायचा कशाला, म्हणून ओसरीवरच्या लाकडी पाटाला मी एक हात...

"सुमेऽऽ! मामा पाटावर बसले होते, त्याईचं धोतर पाह्य! इकडं ये आधी!"

आले आई! पण खरं सांगते, लाकूड तर तेल पितं ना, म्हणून मी त्यात फक्त...