हरणाच्या गाडीच्या मागावर: मंगरूळपीर ते इंझोरी

एका मोटारसायकलचा इतिहास शोधायला आम्ही निघालो, तोही कारने. हसू नका. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे आणि सत्तरी ओलांडलेल्या माझ्या बाबांच्या कमरेला डॉक्टरांची बंदी त्याच्याही आधीपासून आहे.

झालं असं की, बाबांनी उमेदीची सगळी वर्षं ‘सारंग’ मोटारसायकलच्या कंपनीत काढली. विदर्भात गावोगावी फिरायचं, एजंट नेमायचे, गाड्या खपवायच्या. कंपनी केव्हाच बुडाली. पण गेल्या महिन्यात पेपरात पानभर जाहिरात आली, ‘सारंग परत येतेय!’ कुणीतरी ते नाव विकत घेऊन नवी, चकचकीत, जुन्या धाटणीची गाडी काढलीय. बाबांनी जाहिरात वाचली, चष्मा पुसला, किंमत वाचली आणि पाणी मागितलं. मग म्हणाले, “मंगरूळपीरला जाऊन यायला हवं.”

“कशाला?”

“दर्गा बघायचाय.”

कामासाठी जन्मभर त्या गावाला खेटे घालणाऱ्या माणसाला दर्गा आत्ता आठवला! आईने मला स्वयंपाकघरात नेऊन खरं कारण सांगितलं. मधुकरराव हे सारंगचे तिथले जुने एजंट आणि बाबांचे जिवलग दोस्त. बाजारात दुसऱ्या कंपनीची, कमी पेट्रोल पिणारी गाडी आली तेव्हा तिची एजन्सी मधुकररावांना चालून आली होती. बाबांनी ती घेऊ दिली नाही. “सारंग बुडत नाही, माझा शब्द,” म्हणाले. सारंग बुडाली, मधुकररावांचं शोरूम बंद पडलं आणि त्यांनी एक दिवस सांगितलं, साहेब, आता फोन करू नका. बाबांनी ते तंतोतंत पाळलं. आमच्या घरात त्यांनी पाळलेली ही बहुधा एकमेव सूचना.

पुण्याहून पहाटे निघालात तर जालन्याजवळ समृद्धीला लागायचं. रस्ता इतका सरळ आहे की गाडी चालवणाऱ्याला झोप येते, म्हणून शेजारी बोलणारं माणूस हवंच. माझ्याकडे तर सारंगचा चालताबोलता प्रचारक होता. शेलूबाजारला महामार्ग सोडेपर्यंत मला कंपनीची पूर्ण कुंडली पाठ झाली. मालक मूळचे ऑइल इंजिनाचे सुटे भाग बनवणारे. मग परदेशी कंपनीशी करार करून त्यांनी दोन स्ट्रोकचं इंजिन आणलं आणि टाकीवर उडी मारणारं हरण रंगवलं. वऱ्हाडात सारंग हे नाव कुणी घेतलंच नाही. सगळे म्हणायचे, हरनाची गाडी.

“कामरगावच्या बाजारात दुधाचे कॅन लादून, वर तीन माणसं बसवून चालवून दाखवली होती मी,” बाबा म्हणाले.

“आणि पेट्रोल किती प्यायली?”

“रस्त्याकडे बघ, पोरी.”

मुक्काम मंगरूळपीरच्या एका साध्या लॉजवर केला. चादरी स्वच्छ, गरम पाणी सकाळीच. जास्त सोयी हव्या असतील तर वाशिम किंवा कारंजा बरं. सकाळी बसस्टँडजवळ गरम कचोरी आणि तळलेल्या मिरच्या खाल्ल्या. दोघांचं पोट भरलं आणि पुण्यातल्या एका कॉफीइतकाही खर्च आला नाही. दर्गाही पाहिला. बाबांनी बाहेरूनच हात जोडले आणि मला म्हणाले, “झालं. आता सहज बाजारातून चक्कर मारू.” सहज मारलेली चक्कर बरोबर मधुकररावांच्या दुकानासमोर थांबली. तिथे आता ठिबकचे पाइप आणि फवारणीचे पंप मिळतात. गल्ल्यावर त्यांचा मुलगा होता.

“बाबा इंझोरीच्या वावरात हायेत,” तो म्हणाला. “तिकडंच राह्यतात आता, भाजीपाला करून राह्यले. कोन आलं म्हनून सांगू?”

“काही सांगू नका,” बाबा घाईने म्हणाले.

इंझोरी मानोऱ्याच्या बाजूला. रस्ता डांबरी, अधूनमधून खड्डे, दोन्हीकडे गुडघ्याएवढं सोयाबीन. पावसाने उघडीप दिली होती आणि सगळीकडे डवरणी चालू होती, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायचं काम. गावाबाहेर विचारत विचारत वावरापाशी पोचलो, तर आधी आवाज आला. फट-फट-फट. बाबांनी काच खाली केली आणि आवाजावरून ओळखलं. “सारंग!” अशा आवाजात म्हणाले, जसं काही नातवंड रडतंय.

सोयाबीनच्या ओळींमधून खरंच एक सारंग येत होती. टाकीवरचं हरण पुसट झालेलं, मागच्या चाकाला साखळी, आणि मागे बांधलेला लोखंडी डवरा. वर टोपी घातलेले मधुकरराव.

इतक्या वर्षांनी भेटल्यावर काय बोलायचं, याची बाबांनी लॉजच्या आरशासमोर तयारी केली होती. मी ऐकली होती. त्यातलं एक अक्षर तोंडातून निघालं नाही. ते ओरडले, “मधुकरराव, हे काय केलंत गाडीचं!”

मधुकररावांनी इंजिन बंद केलं. टोपी मागे सारली.

“साहेब? मले वाटलं तुमी वर गेले.”

“अजून नाही.”

“मंग फोन काहून नाही केला?”

“तुम्हीच नको म्हणाला होतात.”

“रागात मानूस काहीबी बोलते. तुमी तेवढंच खरं धरलं काय?” मधुकरराव उतरले आणि बाबांचा हात धरून त्यांना झाडाखाली घेऊन गेले. तो हात त्यांनी जेवण येईपर्यंत सोडला नाही.

जेवण त्यांच्या पत्नी शोभाकाकूंनी आणलं. ज्वारीची भाकरी, आंबाडीची भाजी, ठेचा. ठेच्याने माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. बाबांच्याही आलं, त्यांनी ठेच्याला हात लावला नव्हता. आणि मग सुरू झाला वाद, सारंग बुडाली कशाने?

बाबांचं म्हणणं, मालकाच्या पोरांमध्ये वाटण्या झाल्या, नवं इंजिन उशिरा आलं. मधुकररावांचं म्हणणं वेगळंच. “शेवटचं माडल शहरातल्या रस्त्यासाठी बनवलं साहेब. मडगार्ड चाकाले चिकटून. काळ्या मातीचा चिखल भरला की चाकच फिरेना!”

“अन् बाईमानसानं साडी नेसून बसावं कुठं?” शोभाकाकू म्हणाल्या. “ते कोनाले सुचलंच नाही. मी ह्यांच्यासंग एसटीनंच गेली जन्मभर, शोरूमच्या मालकाची बायको असून!”

हसणं ओसरल्यावर मधुकरराव एकदम गंभीर झाले. “साहेब, नव्या कंपनीचा फोन आला होता. जुने एजंट शोधून राह्यले ते. एजन्सी देतो म्हन्तात. घेऊ काय?”

बाबांच्या हातातली भाकरी तशीच राहिली. जाहिरातीची घडी त्यांच्या खिशात होती, हे मला माहीत होतं. पुण्यापासून ते जे बोलत आले होते, ते सगळं मला माहीत होतं. हरण परत वऱ्हाडात धावणार, मधुकररावांच्या दुकानावर परत पाटी लागणार.

“नका घेऊ,” बाबा म्हणाले.

“काहून?”

“हौशी लोकांची गाडी आहे ती. नाव तेवढं आपलं. इथे खपणार नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “मला फार वाटतंय, घ्या म्हणावं. म्हणूनच सांगतो, नका घेऊ.”

मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा एखाद्याला ‘नका घेऊ’ म्हणताना ऐकलं.

मधुकरराव गालात हसायला लागले. “म्या तं त्याईले कवाच ‘नाही’ म्हनून सांगतलं. फकत पाह्याचं होतं, या खेपेले तुमी काय सांगता.”

बाबा आधी चिडले. मग इतके हसले की शोभाकाकूंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्या भरात कंबर विसरून ते सारंगवर बसले आणि डवरणीची एक फेरी मारून आले.

“साहेब,” शोभाकाकू वावराकडे बघून म्हणाल्या, “तन तं जिथल्या तिथं हाय. सोयाबीन तेवढं साफ केलं तुमी.”

परतीला कारंज्याहून समृद्धीला लागलो. जाणाऱ्यांसाठी सूचना: जुलै-ऑगस्टमध्ये जा, गाडीत जुने बूट ठेवा, काळी माती नवे बूट परत देत नाही. आणि कुणी वावरात जेवायला थांबवलं तर वेळ नाही म्हणू नका.

घरी येऊन पंधरवडा झाला. पाहण्यासारखं काय होतं, असं सगळे विचारतात. लेणी नाहीत, धबधबा नाही, फोटोही चिखलाचेच. माझ्यापाशी राहिलाय तो त्या झाडाखालचा एवढासा वेळ, बाबा उत्तर देण्याआधीचा. रोज संध्याकाळी आता फोन येतो आणि बाबा गच्चीत जाऊन बोलतात. मंगळवारी मधुकरराव पुण्याला येताहेत. मी म्हटलं, स्टेशनवर कार घेऊन येते. बाबा म्हणाले, “तू नको. मी एकटाच जातो.”