आई घरात असताना दिलेली फोडणी

दुष्काळाच्या त्या साली आमच्या खर्डा गावात देवीची साथ आली. रोगाचं नाव घ्यायची कुणाची छाती नव्हती. 'आई आल्यात' एवढंच म्हणायचं आणि हात जोडायचे. मी नवी सून, सातवी शिकलेली, त्यामुळे शहाणपणाचा तोरा होता. तो फार दिवस टिकला नाही.

शेजारणीच्या पाच वर्षांच्या मुलीला आई आल्या. मुलीचा बाप दूर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेला. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला आणि तिच्याकडचं येणंजाणं बंद झालं. आई घरात असेपर्यंत फोडणी द्यायची नाही, अशी आमच्याकडे रीत. तिच्या घरातून फोडणीचा वास आला, की आई गेल्या असं समजायचं. सगळी आळी त्या वासाची वाट बघत होती.

मला तर वेड लागायची पाळी आली. दिवसातून दहादा आरशात तोंड बघायचे. घामोळं दिसलं तरी उजेडात जाऊन पुन्हा पुन्हा निरखायचे. लहानपणी देवी काढल्याचा, म्हणजे लस टोचल्याचा वण दंडावर होता, मला काही होणार नाही हे ठाऊक होतं. तरी हातातला आरसा सुटायचा नाही.

नवव्या दिवशी सकाळी लसणाच्या फोडणीचा खमंग वास आला. आनंदानं मला रडूच फुटलं. फडक्यात भाकरी बांधली आणि पळत गेले.

डहाळा दारावर तसाच होता. आत गोधडीवर मुलगी, अंगभर फोड. चुलीवरच्या कढईत नुसतं तेल आणि करपलेला लसूण. भाजी नव्हतीच.

"आई गेल्या नाहीत?" मी बाहेरूनच विचारलं.

"न्हाई वहिनी. चुकलं माजं. पन नऊ दिस झालं, कुनी हाक सुदिक मारली न्हाई. म्हनलं, वासानं तरी कुनी यील." मग म्हणाली, "जरा पोरीपाशी बसता का? मला लई झोप आलीया."

मी भाकरी उंबऱ्यावर ठेवली आणि पळाले. घरी येऊन अंगावर घागरभर पाणी ओतून घेतलं. प्यायला पाणी मिळत नव्हतं, असे दिवस होते ते.

मुलगी वाचली. त्यानंतर तिची आई चारचौघींत माझा हात धरून सांगायची, "समद्या आळीत ह्या एकट्याच आल्या बगा." मी कुठून परत फिरले, ते तिला चांगलं माहीत होतं. मला मान वर करवत नसे.