टाकीतली फुसफुस

गाणाऱ्याला तानसेन म्हणतात आणि ऐकणाऱ्याला कानसेन. आमच्या भागातल्या गॅरेजवाल्या मिस्त्रींना सगळे कानसेन म्हणायचे, आणि ते उगाच नाही. गाडी वळणावर असतानाच ते आतून सांगायचे, तिसरा प्लग गेलाय. इंजिन ऐकताना डोळे मिटायचे. मध्येच कोणी तोंड उघडलं, तर तेलकट हात वर करून त्याला गप्प करायचे. त्या हातापुढे भले भले गप्प बसलेले मी पाहिलेत. मीसुद्धा बसायची, आणि माझं तोंड बंद ठेवणं ही काय चीज आहे ते माझ्या भावाला विचारा.

मी रोपं विकते. कुंड्या, माती, खत, सगळं माझ्या पिकअपमधून लोकांच्या दारापर्यंत जातं. पिकअप बावीस वर्षांची, पेट्रोलवर चालणारी. भावाने ती भंगारात काढली होती, मी मागून घेतली. तेव्हा तो म्हणाला होता, "ताई, ही तुला रस्त्यात बसवेल." मी म्हटलं होतं, बसवू दे, मला बसायला वेळ कुठे मिळतो एरवी.

या वर्षी तिने भावाचं म्हणणं खरं करून दाखवलं. पहिली वीस मिनिटं गुणी बाळासारखी चालायची. मग आचके द्यायची, जोर सोडायची आणि रस्त्याच्या कडेला बंद पडायची. दहा-पंधरा मिनिटं तिला शिव्या घातल्या की पुन्हा चालू. एकदा तर पन्नास गुलाब उन्हात उभे करून बसले होते, रोपांनी आणि मी एकदमच मान टाकली. शेवटी गाडी कानसेनांकडे नेली.

मिस्त्री एकटेच असतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी लग्न होऊन लांब गेली, इतकी लांब की आपल्याकडे दुपार असते तेव्हा तिच्याकडे पहाट. गॅरेजच्या वर त्यांची खोली आहे, पण या वेळी गेले तर खाटच खाली आणलेली, फिल्टरच्या फळीला लागून, भिंतीवरच्या फोनच्या बरोबर खाली. उशाला टॉर्च आणि पाण्याची बाटली. मी काही विचारलं नाही. गुडघे दुखत असतील, जिना नको वाटत असेल, असं मनाशी ठरवून टाकलं.

"काही नवीन बसवलंत का गाडीत?" त्यांनी विचारलं. बोलताना ते आता माझ्या तोंडाकडे एकटक बघत. किती मन लावून ऐकतात, असं मला वाटलं.

"छे, काही नाही," मी म्हटलं.

सगळ्यात आधी त्यांनी टाकीचं झाकण फिरवून काढलं आणि भोकापाशी कान नेला. ही त्यांची जुनी पद्धत. टाकी आधी बोलते, मग इंजिन, असं ते म्हणत. झाकण सुटताना फुस्स झालं. मला दोन पावलांवरून ऐकू आलं. मिस्त्री डोळे मिटून उभे राहिले, मग मान हलवून म्हणाले, "टाकीत काही नाही." मी गप्प बसले. कानसेनांना आवाज कोण सांगणार? कोंबड्याला बांग शिकवण्यासारखंच झालं ते.

मग त्यांनी कार्बोरेटरकडे येणारी नळी सोडवली, तिचं तोंड बाटलीत धरलं आणि मला स्टार्टर मारायला लावला. पेट्रोल चांगलं पिचकाऱ्या मारत आलं. म्हणजे पंप ठीक. तरी फिल्टर बदलला, नळ्या फुंकून काढल्या. ते कार्बोरेटर धूत असताना भिंतीवरचा फोन वाजायला लागला, किणकिण किणकिण, पाखराच्या पिल्लासारखा बारीक आवाज. मिस्त्रींनी मान वर केली नाही. फोन थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. कामात असला की हा माणूस देवाचाही फोन घेणार नाही, असं मी मनात म्हटलं आणि मला त्यांचं कौतुकच वाटलं.

गाडी चार दिवस चांगली चालली, कारण चार दिवस मी जवळच्या जवळच फिरले. पाचव्या दिवशी लांब गेले आणि ती बसली.

दुसऱ्या खेपेला मिस्त्रींनी पंपच उघडला. आतला पडदा उन्हाकडे धरून बघितला, कुठे चीर नाही. टाकीचं झाकण आधी काढलं होतंच, पुन्हा तेच फुस्स, पुन्हा माझं मौन. त्यांची चिडचिड दिसत होती. पाना खाली पडला तर त्याला लाथ मारली. मग चहा केला. भांडं एका कपाचं, त्यात अंदाजाने पाणी वाढवून दोन कप केले आणि स्वतःसाठी अर्धाच घेतला.

"मुलगी काय म्हणते?" मी सहज विचारलं.

"काही म्हणत नाही. अडीच महिने झाले, फोन नाही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ती आली होती, महिनाभर राहिली. जुना घंटेचा फोन काढून तिनेच हा नवा बसवून दिला. आणि जायच्या आदल्या दिवशी म्हणाली, बाबा, तुम्हाला कमी ऐकू येतं, डॉक्टरांना दाखवा, गॅरेज बंद करा, माझ्याकडे चला.

"माझ्या कानांना नावं ठेवली तिनं," मिस्त्री म्हणाले. "माझ्या कानांना. मी म्हटलं, आधी चालती हो. रागात बोलतो माणूस. तर ती खरंच गेली, आणि आता तोंडाला कुलूप."

"तुम्ही का नाही करत फोन?"

"बापानं आधी करायचा?" ते म्हणाले. थोड्या वेळाने खाटेकडे बघून पुन्हा म्हणाले, "रात्रीबेरात्री करेल म्हणून खाली झोपतो. तिकडची वेळ उलटी ना."

मला त्या मुलीचा इतका राग आला. म्हटलं, हल्लीची पोरं अशीच, पंख फुटले की भुर्रकन उडतात. मिस्त्रींना माझं बोलणं आवडलं नाही. "तशी नाही ती," एवढंच बोलून ते पंप जोडायला लागले. मी गाडीतली रिकामी पोती झटकत असताना पाखराचं पिल्लू पुन्हा किणकिणलं. मिस्त्री फोनकडे पाठ करून पाना फिरवत होते. मी गाडीत बसले आणि निघाले. अक्कल गहाण टाकणं म्हणजे काय, ते मला विचारा.

तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, "उभ्या गाडीत रोग सापडत नाही. चला, मी येतो." ते बाजूला बसले. बाविसाव्या मिनिटाला पिकअपने नेहमीचे आचके दिले आणि एका कुंपणाशी उभी राहिली. मिस्त्री उतरले, टाकीचं झाकण फिरवलं. या वेळी फुस्स नाही, चांगला लांब सुस्कारा निघाला.

"आज जरा जास्तच फुसफुसली," मी म्हटलं.

"कोण?"

"टाकी. दर वेळी फुसफुसते ना झाकण काढलं की."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. त्यांनी झाकण घट्ट लावलं, पुन्हा वीस मिनिटं गाडी चालवायला लावली, पुन्हा ती बंद पडली. झाकण फिरवताना ते माझ्याकडेच बघत होते.

"आला आवाज?"

"आला."

"केवढा?"

"सायकलची हवा सोडल्यावर येतो तेवढा, मिस्त्री."

त्यांनी झटकन तळहात टाकीच्या तोंडावर दाबला. काही क्षणांनी उचलला, तर तळहातावर गोल वळ उठला होता. टाकी आत ओढत होती. ते हाताकडे बघत बसले, गाडीकडे नाही.

"हे झाकण कधीचं?" त्यांनी विचारलं.

जुनं झाकण मी पेट्रोल भरताना कुठेतरी विसरले होते, त्याजागी नवं घेतलं होतं, चांगलं घट्ट बसणारं. गाडीतला पेट्रोलचा वास गेला म्हणून मी खूशही होते. झाकण घेणं म्हणजे गाडीत काही नवीन बसवणं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. जुन्या झाकणाला हवा आत जायला बारीक वाट होती, याला नाही. पेट्रोल बाहेर जातं, त्याच्या जागी हवा येत नाही, मग टाकी पंपाला पेट्रोल सोडत नाही. झाकण काढलं की सगळं सुरळीत, आणि मिस्त्री तर पहिलं काम तेच करत. दर वेळी ते रोग स्वतःच्या हाताने बरा करत आणि मग शोधत बसत.

"शिकाऊ पोरानेही पहिल्या फेरीत ओळखलं असतं," ते म्हणाले.

गॅरेजमध्ये येऊन त्यांनी बारीक ड्रिलने झाकणाला छिद्र पाडलं, चुरा पुसला, आणि "हे तात्पुरतं, योग्य झाकण मागवून देतो," असं सांगून खाटेवर बसले. त्यांच्या डोक्यावर तो फोन. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला.

"मिस्त्री," मी समोर जाऊन म्हटलं, "तुमचा फोन वाजतो."

ते गर्रकन वळले. "आत्ता?"

"आत्ता नाही. मी पहिल्यांदा आले तेव्हा वाजला होता. दुसऱ्यांदाही."

"किती वेळ?"

"बराच. थांबला, पुन्हा वाजला."

"आणि मी काय करत होतो?"

"कार्बोरेटर धूत होतात."

बोलून गेले आणि वाटलं, जीभ झडली असती तर बरं. मिस्त्रींनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. अडीच महिने तो माणूस त्या फोनखाली झोपला होता. मी काय करणार? कुंड्या उचलणारी बाई मी, असल्या वेळी काय म्हणायचं ते मला येत नाही. मी त्यांच्या शेजारी खाटेवर बसले.

बऱ्याच वेळाने ते उठले. हात चिंध्यांना पुसले, नीट, बोटांच्या बेचक्यांतूनही. तिकडे आता पहाट असेल, असं म्हणाले आणि तरीही रिसीव्हर काढला. नंबर त्यांना पाठ होता. मी बाहेर जायला उठले, तर त्यांनी तोच जुना हात वर केला. मी जागच्या जागी थांबले.

पलीकडे कोणीतरी फोन उचलला असावा. मिस्त्रींनी इंजिन ऐकताना मिटायचे तसे डोळे मिटले, रिसीव्हर कानात खुपसला, मग दुसऱ्या कानाला लावला, पुन्हा पहिल्या. कपाळावरची शीर ताठ झाली होती. मग त्यांनी डोळे उघडले.

"जरा मोठ्याने बोल गं," ते म्हणाले. "बाबाला ऐकू येत नाही."