लसणाची पात, टोमॅटोचा पाला

आमच्या घरामागे एक चिंचोळी पट्टी आहे, धुण्याचा दगड आणि कंपाउंडची भिंत यांच्या मधली. बायकोने तिथे दोनच गोष्टी मनापासून लावल्या, लसूण आणि टोमॅटो. कडेने लसूण, मधे टोमॅटो. लसणाच्या वासाने कीड लांब राहते असं तिचं म्हणणं. आम्ही देवळाली प्रवराच्या बाहेर राहतो, चहूकडे ऊस. भाजी बाजारात हवी तेवढी मिळते. मी म्हणायचो, "कशाला एवढा खटाटोप?" ती म्हणायची, "तुमाला न्हाई कळायचं," आणि विषय तिथेच संपायचा.

मी एसटीच्या डेपोत मेकॅनिक होतो. संध्याकाळी घरी यायचो तेव्हा ती टोमॅटोची झाडं तुराट्यांना बांधून मागच्या दाराने आत येत असायची. टोमॅटोच्या झाडाला हात लावला की बोटं हिरवी-पिवळी होतात आणि एक उग्र वास चिकटतो, तो साबणालाही दाद देत नाही. त्यात लसणाची भर. मी नाक धरायचो.

"हात धू आधी, मग चहा टाक."

"धुतल्यात. आन् तुमच्या डिझेलपरीस लई बरा हाय ह्यो वास."

मी रिटायर होईपर्यंत हाच संवाद चालला. माझं डिझेल सुटलं, तिचा पाला काही सुटला नाही, म्हणून शेवटी तीच जिंकली असं म्हणायचं.

मग ती साथ आली. आधी तिला ताप, मागोमाग मला. नगरच्या दवाखान्यात न्यायला मुलाने गाडी काढली, तर ही बाई तशा तापात मागे टोमॅटोला पाणी घालत होती. हाक मारली तर साडी बदलायला आत गेली. मी बाहेरून ओरडलो, "अगं, लग्नाला निघालीस का?"

"मग काय ही डागाची साडी नेसून दवाखान्यात येऊ? लोक काय म्हनतील?"

अंगावरची साडी तिने वलणीवर टाकली आणि ठेवणीतली नेसून गाडीत बसली. दवाखान्यात बायकांचा वॉर्ड वेगळा होता. मी बरा होऊन घरी आलो, ती आली नाही. तेव्हा गेलेलं माणूस घरी आणू देत नव्हते. मला तिचं तोंडही बघायला मिळालं नाही. याच्यावर मला यापेक्षा जास्त लिहिता येत नाही.

घरी आलो तेव्हा साडी वलणीवर तशीच होती. पदराला पाल्याचे हिरवे डाग, निऱ्यांना खाली वाळलेला चिखल. मी दार लावून घेतलं आणि त्या साडीत तोंड खुपसलं. काहीच आलं नाही. पुन्हा खुपसलं. पाण्यात नाक घालावं तसं. मला वाटलं, इतके दिवस उघड्यावर राहून वास उडून गेला. मला त्या साडीचा राग आला, ती तशीच टाकून, घर बंद करून आमच्यामागे नगरला गेलेल्या मुलाचा आला, सगळ्यांचा आला.

दोनेक दिवसांनी सून ओरडत स्वयंपाकघरात धावली. दूध उतू जाऊन करपलं होतं, पातेलं तळाला काळं झालं होतं, आणि मी तिथेच टेबलाशी पेपर वाचत बसलेलो. ती म्हणाली, "मामा, तुम्हाला करपल्याचा वास नाही आला?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साडीचा वास गेला नव्हता, माझं नाक गेलं होतं. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. ती साडीत अजून होती. फक्त माझं नाक बरं व्हायचं बाकी होतं.

मी साडी एका पंच्यात गुंडाळली आणि तिच्या पत्र्याच्या पेटीत, बाकीच्या साड्यांच्या खाली, तळाशी ठेवली. कडी घातली. घरात सांगून टाकलं की या पेटीला कोणी हात लावायचा नाही. कारण सांगितलं नाही. जन्मभर गाड्यांखाली लोळलेला माणूस बायकोची साडी हुंगायला राखून ठेवतोय, हे सुनेला कोणत्या तोंडाने सांगायचं? मीही पेटी उघडत नव्हतो. उघडली की थोडा वास उडणार, आणि आपलं नाक तर बंद, मग फुकट कशाला घालवायचा?

डॉक्टर म्हणाले, "येईल कदाचित. रोज काहीतरी उग्र वासाचं हुंगत जा, कंटाळू नका." उग्र म्हटल्यावर मला दुसरं काय आठवणार? ज्या पट्टीला मी कधी तांब्याभर पाणी घातलं नव्हतं, ती मी करायला घेतली.

मला काही येत नव्हतं. दसरा झाल्यावर लसूण घेऊन बसलो आणि एकेक पाकळी छान सोलून, पांढरीशुभ्र करून वाफ्यात खोचली. शेजारच्या वहिनी भिंतीवरून बघत होत्या. पदर तोंडाला लावून हसल्या. "भाऊ, लावायचाय का फोडनीला घालायचाय? साल राहू द्या त्याची, आन् टोक वर करा." त्या वर्षी हाती काही लागलं नाही. पुढच्या वर्षी सालीसकट लावला, चांगला वाढला. पात पिवळी पडायला लागली की पाणी तोडायचं असतं, मी मात्र पिवळी दिसते म्हणून आणखी पाणी सोडलं. एक दिवस वहिनी भिंतीपलीकडून ओरडल्या, "अवो भाऊ, लसून सडलाय की तुमचा! माझ्या वट्यावर घान सुटलीय, तुमाला वास येत न्हाई व्हय?"

"न्हाई," मी म्हणालो.

थोड्या वेळाने भिंतीवरून वाटीभर कालवण आलं.

रोज सकाळी लसणाची एक पात मोडायची, टोमॅटोचं एक पान चुरगळायचं आणि नाकाशी धरायचं, हा माझा नेम झाला. काही येत नव्हतं. जेवण म्हणजे गरम नाहीतर गार, खारट नाहीतर तिखट, एवढंच. गुऱ्हाळं सुरू झाली की लोक म्हणायचे, काय वास सुटलाय, आणि मीही मान डोलवायचो. मनात एकच काळजी होती. कापडात वास किती टिकतो? हे विचारायचं तरी कोणाला? माझं नाक उघडायच्या आधी पेटीतला वास संपला तर?

तिसऱ्या हिवाळ्यात टोमॅटो जोरात आला. एका सकाळी झाडं बांधली, धुण्याच्या दगडाशी हात धुतले आणि ओल्या हातांनी तोंड पुसलं. पहिल्यांदा वाटलं, ती मागे येऊन उभी राहिली. खरोखर वळून बघितलं. मग हात पुन्हा नाकाशी नेला. तोच होता, उग्र, हिरवा. धावत वाफ्याकडे गेलो, पात मोडली. लसूण! नाकात झोंबला. मी त्या चिखलात मांडी घालून बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

मग उठलो. हातांना पाल्याचा वास नको म्हणून ते पुन्हा साबणाने चोळून धुतले, खोलीत गेलो, दार लावलं आणि पेटीची कडी काढली.

झाकण उघडलं आणि डांबराच्या गोळ्यांचा भपकारा आला. प्रत्येक साडीच्या घडीत पांढऱ्या गोळ्या होत्या. तळातला पंचा सोडला, तिथेही. साडी नीट इस्त्रीसारखी घडी केलेली, तिच्यातही. मी तोंड खुपसलं. डांबर, नुसतं डांबर.

सून दार ढकलून आत आली. मांडीवर साडी बघून तिचा चेहरा उतरला. "मामा, रागवू नका. तुम्ही घोडेगावला आत्याबाईंकडे गेला होतात ना दिवाळीच्या आधी, तेव्हा मी उघडली पेटी. कपाटात कसर झाली होती, म्हटलं सासूबाईंच्या साड्या खाऊन टाकेल. म्हणून गोळ्या टाकल्या. बघा, एकाही साडीला भोक नाही पडलं."

मी बघितलं. खरंच एकही भोक नव्हतं.

"लई चांगलं केलंस," मी म्हणालो.

मग तिच्या लक्षात आलं की मी नाक पुसतोय, डोळे चुरचुरतायत. "मामा, वास येतोय तुम्हाला?" मी मान हलवली. तिने तिथल्या तिथे देवाला हात जोडले, मुलाला फोन लावला, रडत रडत सांगितलं. मला विचारलं, "पहिला कशाचा आला?" मी म्हणालो, "टोमॅटोच्या पाल्याचा." दुपारी तिने लसूण ठेचून टोमॅटोची चटणी केली. चटणी झकास झाली होती. मी दोन भाकरी खाल्ल्या, कारण ती समोर बसून बघत होती.

साडी मी वलणीवर टाकली. डांबर हळूहळू उतरलं. आता तिला नुसता कापडाचा वास येतो, दुकानातल्यासारखा. एकदा मनात आलं, टोमॅटोचा पाला आणि लसणाची पात चोळावी तिला. नाही चोळली. पाला आणि लसूण तर माझ्या हातांनाही येतो. तिच्या वासात त्या दोन्हींच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि ते काय होतं ते मला आठवत नाही. रोज आठवायला बसतो.

परवा डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावले आणि लवंग, लिंबू, साबण असं काय काय नाकाशी धरलं. मी सगळं बरोबर ओळखलं. ते खूश होऊन म्हणाले, "काका, नाक एकदम बरं झालंय तुमचं."