अल्पशा आजाराने

स्टाफरूममधला पंखा कुरकुरतोय आणि दुपारचं जेवण अंगावर आलंय. चार वाजता मुळूक सरांची शोकसभा, बोलायचंय मला. प्राचार्यांनी सकाळीच बजावलं, "वाघचौरे मॅडम, 'अल्पशा आजाराने निधन' एवढंच म्हणा. नॅकची समिती तोंडावर आलीय. उगाच फाटे फोडू नका." मी "हो सर" म्हटलं. त्या 'हो'ची मला अजून चीड येतेय. मी टेबलावर डोकं टेकते.

टेबल हलतं. समोर मुळूक सर बशीत चहा ओततायत. ते गेलेत हे मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे.

"कोणता आजार होता ओ मला, मॅडम? अल्पसा म्हणं!"

"मी नाही ठरवलं ते, सर."

"पण म्हणणार तर तुम्हीच ना?"

चहा संपवून आम्ही तासाला निघतो. वर्गात बाकं नाहीत, सतरंजी अंथरलीय, सरांसाठी स्थळ घेऊन आलेले पाहुणे भिंतीला टेकून बसलेत. पोहे फिरतायत. मुलीचा मामा विचारतो, "प्राध्यापक म्हणजे दोन तास शिकवलं की मोकळे, मजाच की! पर्मनंट आहात ना?" सर मान खाली घालून सांगतात, "तासिका तत्त्वावर." मामा अर्धी खाल्लेली ताटली खाली ठेवतो. ती उचलून त्याच्या डोक्यावर उपडी करावी असं मला वाटतं.

ताटली प्राचार्यांच्या टेबलावर आहे. सर उभे, समोर खुर्ची रिकामी, तरी प्राचार्य बसा म्हणत नाहीत. तासिकेवरच्या माणसाला आमच्याकडे नाव नसतं.

"ओ सीएचबी, नॅकच्या फायली आजच हव्यात. छातीत दुखतंय? दुखणी दिवाळीच्या सुट्टीत काढा."

हे वाक्य अख्ख्या कॉलेजला पाठ आहे. ते ऐकून कुणी कुणी हसलंसुद्धा होतं. माझं डोकं फिरतं.

"चिडा ना, सर! एकदा तरी चिडा!" मी किंचाळते.

सर शांतपणे वळतात.

"चिडायला पर्मनंट असावं लागतं, मॅडम. तुम्ही आहात."

आणि ते माझा दंड धरतात. चांगलाच घट्ट.

"मॅडम, हॉल भरलाय. साहेब बोलवायलेत," दारातून शिपाई हाक मारतोय.

मी दचकून उठते. दंड ठणकतोय. निळ्या बाहीवर खडूची पांढरी बोटं उमटलीत, सगळी सुटी सुटी दिसतायत. आमच्या कॉलेजात खडू बंद होऊन वर्षं लोटली, आता सगळीकडे मार्कर.

हॉलच्या दाराशी प्राचार्य उभे आहेत.

"बाहीला काय लागलंय बघा, झटका ते. आणि काय म्हणायचं ते लक्षात आहे ना?"

"आहे," मी म्हणते. बाहीला हात लावत नाही. "भागवत मुळूक यांच्या छातीत दुखत होतं, आणि ते त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं. तेवढंच म्हणणार आहे."