यीस्टच्या आईचं वय

लेकीच्या प्रयोगशाळेत मी पहिल्यांदाच गेले. तिने मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं आणि म्हणाली, "आई, बघ. पाव फुगवतं ना, तेच हे यीस्ट." दोन गोल पेशी एकमेकींना चिकटून होत्या. "मोठी ती आई, छोटी तिची मुलगी." मग तिथे स्वतः बसून तिने काचेच्या बारीक सुईने मुलीला अलगद बाजूला केलं आणि वहीत एक रेघ ओढली.

"ही रेघ कसली?"

"आईच्या वयाची. जितक्या मुली झाल्या, तितकं तिचं वय. शेवटी ती थकते. हिचं एक जनुक आम्ही काढून टाकलंय, म्हणून ही जास्त टिकतेय."

काढून टाकल्यावर आयुष्य वाढतं, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. त्यात म्हणे, आई आपल्यातलं खराब झालेलं बरंचसं स्वतःकडेच ठेवते, म्हणून मुलगी नवीकोरी जन्मते. माझ्या लेकीने तर माझी अर्धशिशी जशीच्या तशी उचललीय. यीस्टला जमतं ते मला का जमलं नाही?

"तुझ्या हिशेबाने माझं वय किती गं?" मी विचारलं.

सूक्ष्मदर्शकातून डोळे न काढता ती म्हणाली, "एक."

मी हसले. पण हिला हॉस्टेलवर सोडून परत आले, त्या एका संध्याकाळी मी किती म्हातारी झाले होते! ते या वहीत कुठे बसतं, मला अजून कळलेलं नाही.